पाहणीची माहिती एक्सेलमध्ये ठेवावी की खुल्या नकाशावर टाकावी?

दुष्काळात टँकर नि अतिवृष्टीत शिधा पोचवणाऱ्या मराठवाड्यातल्या मंडळांपुढे हा प्रश्न हमखास येतो. विहिरी, वस्त्या, पांदण रस्ते फिरून नोंदवले. आता ते कुठे ठेवायचं?

एक्सेल सगळ्यांना येतं. आज किती खेपा झाल्या, कुठला हातपंप बंद पडला, हे रोज बदलतं, त्याला शीटच बरी. ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कुणालाही भर घालता येईल अशा खुल्या नकाशावर, अशा चार दिवसांच्या नोंदी करायच्याच नसतात. पण शीट एकाच्या लॅपटॉपमध्ये असते. तो पोरगा नोकरीला पुण्याला गेला की पुढच्या उन्हाळ्यात पाहणी पुन्हा पहिल्यापासून.

नकाशाचं मोल मला बीड जिल्ह्यातल्या एका तांड्यामुळे कळलं. टँकर मुख्य गावाच्या पारापाशी उभा, चालक नवा, तांड्याचं नाव नकाशावर कुठेच नाही. तिकडे बायका घागरी रांगेला लावून उन्हात बसलेल्या. दीड तास गेला. नंतर आम्ही तांडा, वळणावरचं मारुतीचं देऊळ आणि ओढ्यावरचा नळकांडी पूल ओपनस्ट्रीटमॅपवर टाकला. हाच नकाशा दाखवणाऱ्या ऑरगॅनिक मॅप्स या मोबाइल ॲपमध्ये आपल्या भागाचा नकाशा आधी उतरवून घेतला की नेट नसतानाही या खुणा दिसतात. आणि त्या फक्त आमच्या नाहीत. पुरात येणाऱ्या दुसऱ्या पथकालाही तोच पूल सापडतो. २०१०च्या भूकंपानंतर हैतीत हेच घडलं: जगभरच्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून रस्ते काढले आणि बचाव पथकांनी ते वापरले.

कुणीही बदल करू शकतो, ही भीती खरी आहे. पण प्रत्येक बदलाचा इतिहास राहतो, चूक मागे घेता येते. गूगल माय मॅप्स, म्हणजे गूगलवर आपला वेगळा नकाशा बनवायची सोय, शिकायला सोपं, आठवडाभराच्या कामाला चालेल. पण लिंक ज्याच्याकडे, त्याच्यापुरतंच ते राहतं.

एका बाबतीत मात्र मी ऐकणार नाही. लाभार्थ्यांची यादी, एकल महिलांची नावं, फोन, बँक खाती कुठल्याही खुल्या जागी जाता कामा नयेत. एकदा बाहेर गेलेली यादी परत गोळा करता येत नाही, आणि एकट्या राहणाऱ्या बाईचं घर कुठलं हे साऱ्या जगाला कळायचं काही कारण नाही. ती शीट पासवर्ड लावून दोघांकडेच ठेवा.

माणसं कमी असतील तर या उन्हाळ्यात फक्त तांडे आणि वस्त्या नकाशावर घ्या, नावं तिथल्याच लोकांना विचारून. विहिरी पुढच्या फेरीत.