‘आयुष्यभराचा अनलिमिटेड बॅकअप’ घेतला आणि अण्णांचा आवाज गेला

गेल्या वर्षी जूनमध्ये कागलच्या एका ताईंचा फोन आला. "दादा, अण्णा गेले हो आमचे. माझ्या पाठवणीचा व्हिडिओ तेवढा काढून द्या की. अण्णा बोललेत त्यात." लग्न २०१८ चं. आम्ही दिलेला पेन ड्राइव्ह त्यांच्याकडं चालत नव्हता. मी छातीठोकपणे सांगितलं, "ताई, काळजी करू नका, आपल्याकडं सगळं जपून ठेवलंय."

मी लग्नाची फोटोग्राफी करतो, दुकान कोल्हापुरात, शाहूपुरीत. २०१९ च्या महापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली (धोक्याची पातळी ४३), तेव्हा दुकानात पाणी शिरलं आणि खालच्या कपाटातल्या अकरा हार्ड डिस्क चिखलात गेल्या. उरलेलं काम घरी वरच्या मजल्यावर आणलं, जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी सिस्टीम) टाकून सर्व्हर केला, दोन डिस्क मिररमध्ये लावल्या, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा. २०२१ ला परत पूर आला. तेव्हा ठरवलं, एक कॉपी कोल्हापूरच्या बाहेर पाहिजेच.

तिथंच मी घाई केली. मोबाइलवर ऑनलाइन बॅकअपची जाहिरात आली: आयुष्यभरासाठी, अनलिमिटेड, लिनक्सवरही चालतं, एकदाच ६,९९९ रुपये. चार टीबीची (एक टीबी म्हणजे हजार जीबी) नुसती डिस्क आणायची तर त्याहून जास्त पैसे लागत होते. मग ६,९९९ मध्ये कोण माझा डेटा जन्मभर सांभाळणार, हा प्रश्न मला पडायलाच हवा होता. गूगलनंसुद्धा फोटोंची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून बंद केली. ॲमेझॉननं अमेरिकेतला आपला अनलिमिटेड प्लॅन २०१७ मध्ये गुंडाळला. एवढ्या मोठ्यांना जे झेपलं नाही, ते या नवख्यांना झेपेल असं मी मानलं.

पैसे यूपीआयनं भरले. ॲप टाकलं, फोल्डर निवडलं. पाचव्या दिवशी हिरवी टिक आली: ३ टीबी पूर्ण.

हा आकडा नीट बघा. माझा अपलोडचा वेग २० एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला २० मेगाबिट. तीन टीबी म्हणजे दोन कोटी चाळीस लाख मेगाबिट. त्याला २० नं भागलं की बारा लाख सेकंद, म्हणजे लाइन एक क्षण न तुटता जवळजवळ १४ दिवस. पाच दिवसांत हे होणंच शक्य नव्हतं. इंटरनेटवाल्याच्या ॲपमध्ये महिन्याचा वापर बघितला असता तरी समजलं असतं. मी बघितलं काय, तर वेबसाइटवर लॉगिन करून दोन-चार लग्नांचे फोटो उघडले. ते दिसले. मी निश्चिंत झालो.

ताईंच्या फोनच्या आदल्याच आठवड्यात पावसात लाइट ये-जा करत होती. सर्व्हरला वीज पुरवणारा डबा, एसएमपीएस, जळाला आणि जाताना दोन्ही डिस्क घेऊन गेला. मिरर हा बॅकअप नव्हे, हे मी ऐकून होतो. पण इंटरनेटवर ठेवलेल्या कॉपीच्या भरवशावर शांत होतो.

ताईंचं फोल्डर उघडलं. ‘पाठवणी’ नावाची फाइल, आकार ६ जीबी लिहिलेला. डाउनलोड दाबलं आणि क्षणात संपलं. उतरलेली फाइल २१२ केबी. उघडली तर एकच चित्र: मांडवाच्या दाराशी अण्णा, फेटा जरा मागं सरकलेला, तोंड बोलायला उघडलेलं. आवाज नाही, पुढं काही नाही. त्या ॲपनं फक्त फाइलींची नावं, आकार आणि छोटी चित्रं वर नेली होती. २५ एमबीच्या रॉ फोटोचीही (कॅमेऱ्यातली मूळ, न दाबलेली फाइल) तीच गत.

त्यांच्या मदतकेंद्राला मेल टाकला. उत्तर आलं: मूळ फाइली ‘कोल्ड स्टोरेज’मध्ये, म्हणजे क्वचित लागणाऱ्या डेटाच्या साठ्यात आहेत, काढायला जीबीमागं चार रुपये. तीन टीबीचे बारा हजार. मी तेही भरले. त्यानंतर उत्तर नाही, आणि महिन्याभरात वेबसाइटही उघडेना. मग बिल हातात घेतलं. पत्ता पुण्याचा, जीएसटी नंबरची सुरुवात ०७ नं. महाराष्ट्राचा कोड २७, ०७ दिल्लीचा. जीएसटी पोर्टलवर नंबर टाकला तर तो भलत्याच कुणाचा निघाला. पैसे भरण्याआधी हे दोन मिनिटांचं काम होतं.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली. पण पैसे जाऊन बरेच दिवस झाले होते. कुणाचं असं झालं तर त्याच तासात १९३० ला लावा, पैसे पुढं सरकायच्या आत खातं गोठवता येतं.

आता मी जीबीच्या हिशेबानं दर महिन्याला पैसे घेणारी सेवा वापरतो. रेस्टिक नावाच्या बॅकअपच्या प्रोग्रामनं फाइली माझ्याच मशीनवर कुलूपबंद होऊन वर जातात. निवडण्याआधी एक सहा जीबीचा व्हिडिओ वर टाकला, दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवला आणि दोन्हींचा चेकसम (फाइलीतल्या डेटावरून निघणारा, तिच्या ठशासारखा आकडा) जुळवला. जुळला, मगच कार्डाची माहिती दिली. परत उतरवायचे वेगळे पैसे किती, हेही आधी विचारून घेतलं. आणि दर पहिल्या रविवारी कुठलं तरी एक जुनं लग्न पूर्ण उतरवून, आवाजासकट बघतो.

पुण्याच्या लॅबनं एका डिस्कमधून निम्मं काम काढून दिलं. अण्णांचं फोल्डर त्यात नव्हतं. ताईंना ते एक चित्र मोठं करून, फ्रेम करून कागलला नेऊन दिलं. त्यांनी पैसे विचारले नाहीत की रागही केला नाही. एवढंच म्हणाल्या, "काय बोलले होते दादा, तुम्हाला आठवतंय का?"

मला आठवत नव्हतं.