अडकणारी पंप-अ‍ॅक्शन दुरुस्त करावी की दुनळी घ्यावी?

शेती संरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली बारा बोअरची पंप-अ‍ॅक्शन, म्हणजे नळीखालची मूठ मागे-पुढे सरकवून काडतूस भरायची बंदूक, वारंवार अडकू लागली की मालकापुढे दोन पर्याय उरतात: परवानाधारक कारागिराकडून ती दुरुस्त करून घेणे किंवा ती विकून दोन नळ्यांची, मधून मोडून उघडणारी दुनळी घेणे. येथे खर्चापेक्षा, बंदूक बिघडल्यावर काडतूस नेमके कोठे आहे हे किती चटकन कळते, याला मी अधिक महत्त्व देतो.

दुनळीत संशयाला फारशी जागा नसते, कारण ती उघडताच दोन्ही काडतुसांची पितळी बुडे समोर दिसतात. पंप-अ‍ॅक्शनमध्ये मात्र एक काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी बार उडतो त्या जागेत, असते आणि बाकीची नळीखालच्या मॅगझिनमध्ये. त्यांना अडवून धरणारी पट्टी झिजली, तर दुसरे काडतूस वेळेआधीच निसटून यंत्रणेत रुतते आणि पंपाची मूठ ना पुढे जाते ना मागे. अशा वेळी दस्ता (बंदुकीचा खांद्याला टेकवायचा मागचा भाग) जमिनीवर आपटून ती मोकळी करण्याचा मोह अनेकांना होतो. तेव्हा नळीचे तोंड स्वतःच्या चेहऱ्याजवळ असते आणि चेंबर रिकामे असल्याची खात्री कोणीच देऊ शकत नाही.

खरा घात फुसक्या बाराचा. कोकणातल्या पावसाळ्यात फडताळात पडून राहिलेली जुनी कागदी काडतुसे दमट होऊन फुगतात, आणि त्यांतल्या एखाद्याचा नुसता ‘फुस्स’ आवाज झाला, तर आतली डाट (दारू आणि छर्रे यांच्यामधला बोळा) नळीत अडकून राहू शकते. सवयीने पंप मारून पुढचा बार काढला, तर नळी फाटू शकते. दुनळी रिकामी करून उजेडाकडे धरली की नळीतून आरपार दिसते. पंप-अ‍ॅक्शनची नळी बहुधा काढूनच तपासावी लागते. चाप ओढूनही बार झालाच नाही, तर दोन्ही प्रकारांत नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट, शक्यतो पूर्ण मिनिट, थांबावे.

सेफ्टीच्या कळीवर विसंबू नये, कारण बहुतेक बंदुकांत ती फक्त चाप अडवते, काडतुसावर आघात करणारा घोडा नाही. विंचेस्टर १८९७ सारख्या जुन्या पंप-अ‍ॅक्शनमध्ये तर चाप दाबून धरून मूठ पुढे ढकलली की आपोआप बार होतो.

दुनळीही निर्दोष नाही: आतले खटके झिजले तर दोन्ही नळ्यांतून एकदम बार होऊ शकतात, बिजागर सैल झाले तर तीही बाद, आणि बार दोनच.

दोष मळाचा किंवा काडतूस ओढणाऱ्या आकड्याचा असेल, तर दुरुस्ती पुरेशी आहे; चाप-घोड्याची यंत्रणा किंवा बोल्टचे (चेंबर मागून बंद करणाऱ्या भागाचे) कुलूप झिजले असेल, तर हंगामात चार-दोनदाच बंदूक हाती घेणाऱ्याने दुनळीच घ्यावी. २०१९ च्या कायदा दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच शस्त्रे बाळगता येतात, त्यामुळे जुनी ‘असू दे’ म्हणून ठेवण्यापूर्वी परवाना पाहावा. दुरुस्ती करवलीच, तर कारागिराला आपल्यासमोर खोटी (दारू नसलेली, सरावाची) काडतुसे भरून मूठ वीस-पंचवीस वेळा, कधी जोरात तर कधी अगदी सावकाश, चालवून दाखवायला सांगावे.