घडीची पांढरी काठी : तीन वर्षांच्या वापरानंतर

ही काठी मागवताना मी तिची एकच गोष्ट बघितली होती. घडी घातल्यावर ३२ सेंटीमीटर. माझ्या पिशवीची रुंदी ३६. म्हणजे काठी आत पूर्ण मावेल आणि कुणाला दिसणार नाही. मूठ कशाची आहे, टोक कोणतं आहे, माझ्या उंचीला १२० सेंटीमीटर पुरेल का, यातलं काही विचारलं नाही. पार्सल आलं ते मी कपाटाच्या खालच्या खणात ठेवलं आणि ते तिथे चौदा महिने तसंच पडून राहिलं.

मला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. आनुवंशिक आजार, साधारण चार हजारांत एकाला होणारा. दृष्टिपटलावरच्या दंडपेशी, ज्या अंधुक उजेडात आणि कडेचं बघायला लागतात, त्या यात आधी मरतात. शंकुपेशी मागाहून. म्हणून सुरुवात रातांधळेपणाने होते आणि मग कडा हळूहळू आत सरकायला लागतात. निरोगी माणसाला दोन्ही डोळ्यांनी मिळून आडवं सुमारे १८० अंश दिसतं. चौतिसाव्या वर्षी निदान झालं तेव्हा माझ्याकडे ४० अंश होते, आज ४६व्या वर्षी ७ आहेत. हात पूर्ण लांब करून मूठ आवळली की ती साधारण १० अंश व्यापते. माझं सगळं जग त्या मुठीच्या आत आहे. पण तेवढ्या जागेत मला अजून स्वच्छ दिसतं. मी पुस्तकातली ओळ वाचू शकते आणि त्याच क्षणी शेजारच्या खुर्चीवर आपटू शकते. लोकांना नेमकं हेच कळत नाही, आणि पहिली कित्येक वर्षं त्यांना ते कळू नये यासाठीच मी झटत होते.

मी शाळेत गणित शिकवते. लपवायचं म्हणजे काय काय करावं लागतं, हे वरून साधं वाटतं, पण दिवसाचा सगळा जीव त्यातच जातो. वर्गात सगळ्यांच्या आधी जायचं, म्हणजे बाकांमध्ये दप्तरं पडायच्या आत फळ्याशी पोचता येतं. जिना उतरताना फोनवर बोलत असल्यासारखं करायचं, म्हणजे सावकाश उतरण्याला कारण मिळतं. संध्याकाळचे कार्यक्रम टाळायचे. रस्त्यात पायरी आली की माझे यजमान ओठ न हलवता "पायरी" म्हणायचे. हे त्यांनी कधी ठरवून केलं नव्हतं, आमच्यात त्यावर एकदाही बोलणं झालं नव्हतं.

त्या वर्षांतली एक गोष्ट मला अजून टोचते. खिडकीकडच्या रांगेतली मुलं प्रश्न विचारेनाशी झाली आहेत, अशी माझी समजूत होती. वर्ष संपताना वह्या तपासत होते, तर एका मुलीच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेलं होतं, "बाई, मी रोज हात वर करते. तुम्ही मला कधीच विचारत नाही." तिचा हात माझ्या मुठीबाहेर होता. वर्षभर. त्या संध्याकाळी मी खालचा खण उघडला.

आता काठीबद्दल. ॲल्युमिनियमची नळी, चार तुकडे, आतून घट्ट रबरी दोरी. एक टोक धरून सोडून दिली की चारही तुकडे खट्‌खट्‌ करत आपोआप जुळतात. तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा घरातल्या सगळ्यांनी ऐकला असणार या विचाराने माझ्या पोटात गोळा आला होता. मूठ रबराची, एका बाजूने चपटी, म्हणजे तर्जनी तिच्यावर सरळ ठेवता येते. अंगावर उजेड परतवणारी पांढरी पट्टी.

सुरुवात मी रात्री केली, कारण रात्री कुणी बघत नाही. शाळेच्या मागच्या मैदानावर, दिवे गेल्यावर. याचा एक फायदा झाला जो मला आधी कळला नव्हता : रात्री मला काहीच दिसत नाही, त्यामुळे काठीवर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतरच नसतं. तिसऱ्या-चौथ्या रात्री मी मैदानाच्या कडेने सलग एक फेरी मारली. हात पुढे न करता, पाय न चाचपता, साध्या माणसाच्या वेगाने. अंधारात अशी मी बारा वर्षांत चालले नव्हते. भिंतीशी उभं राहून मी खूप रडले. ते दुःखाचं रडणं नव्हतं. माझ्या पायांना पुन्हा जमीन मिळाली होती.

दिवसा मात्र जमेना. मग मोबिलिटीचं, म्हणजे काठी घेऊन एकट्याने चालण्याचं, प्रशिक्षण घेतलं. आमचे प्रशिक्षक जन्मापासून पूर्ण अंध. त्यांच्यापासून दहा पावलांवर मी चालत होते आणि त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, "मॅडम, तुम्ही बघताय." मी विचारलं, कशावरून? "काठी अडायच्या आधी तुमचं पाऊल थांबतंय." माझ्या उरलेल्या सात अंशांनी मी खांब शोधत होते आणि काठी नुसती हातात धरली होती. दुसऱ्या दिवशीपासून त्यांनी माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधली. सहा आठवडे, दिवसाढवळ्या, पट्टी बांधून. काठी घेणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे, प्रशिक्षणाशिवाय काठी वापरू नका. थोडी नजर शिल्लक असेल तर मुळीच नाही.

शिकवतात ते असं : मूठ पोटासमोर मध्यावर, हालचाल फक्त मनगटातून, टोक खांद्यांच्या रुंदीपेक्षा जरासं जास्त फिरवायचं. आणि उजवं पाऊल पुढे पडतं तेव्हा टोक डावीकडे. म्हणजे डावं पाऊल पुढे जिथे पडणार आहे ती जागा काठीने आधीच बघून ठेवलेली असते. ही पद्धत दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी अमेरिकेतल्या व्हॅली फोर्ज इथल्या लष्करी रुग्णालयात रिचर्ड हूव्हर यांनी बसवली. त्याआधी काठी होतीच, पण ती आधाराच्या काठीसारखी आखूड आणि शरीराजवळ धरलेली असे. ती लांब करावी आणि पुढची जागा तिने झाडून काढावी हा विचार मला एखाद्या सुंदर सिद्धतेसारखा वाटतो.

लांबीचा हिशेब मी स्वतः केला आणि तो आधी केला असता तर चुकीची काठी घेतली नसती. काठी, जमीन आणि माझा हात यांचा काटकोन त्रिकोण होतो. हात जमिनीपासून ९५ सेंटीमीटरवर. कर्ण म्हणजे काठी, १२०. पायथागोरसने हातापुढची पोच निघते ७३ सेंटीमीटर. काठी १३० ची केली तर पोच ८९ च्या जवळ जाते. म्हणजे काठी १० ने वाढवली तर पुढचं १५ सेंटीमीटरहून जास्त कळतं. नेहमीचा ठोकताळा असा सांगतात की काठी उभी धरली तर छातीच्या हाडापर्यंत यावी. पण भरभर चालणाऱ्याला ती कमी पडते, कारण टोक अडल्यापासून पाऊल थांबेपर्यंत वेळ लागतो आणि त्या वेळात शरीर पुढे जात असतं. मी भरभर चालते. मला १२० कमी पडली.

टोकाबद्दल. माझ्या काठीला आधी पेन्सिलीसारखं बारीक टोक होतं. ते टक्‌टक्‌ करत उचलून टेकवायचं असतं, फरशीवर छान बोलतं, आणि फटीत अडकतं. अडकलं की मूठ पोटात बसते. दोनदा असं झाल्यावर मी जाड, फिरणारं टोक लावलं, जे जमिनीवरून न उचलता घरंगळत नेता येतं. खरखरीत रस्ता, गुळगुळीत फरशी, ओली माती, लोखंडी झाकण, सगळं तळहाताला वेगवेगळं कळतं. टोक काही महिन्यांत एका बाजूने झिजतं, बदलायला हवं. आतली रबरी दोरी दुसऱ्या वर्षी सैल पडली आणि सांधे किलकिले होऊन हलायला लागले. पावसात भिजल्यावर ते उलट गच्च बसतात, घडी घालता येत नाही. सांध्यांवर थोडं मेण चोळल्याने फरक पडतो. एकदा सायकलच्या चाकात जाऊन नळी वाकली होती, ती यजमानांनी गुडघ्यावर धरून सरळ केली. ॲल्युमिनियम वाकतं आणि परत सरळ होतं, हा त्याचा मोठा गुण. कार्बन फायबर हलकं असतं आणि जमिनीची थरथर जास्त स्पष्ट पोचवतं, पण त्याला असं सरळ करता येत नाही.

सगळ्यात मोठी उणीव या काठीची नाही, काठी या वस्तूचीच आहे : कमरेच्या वरचं काही तिला कळत नाही. उघडी खिडकी, खाली आलेली फांदी, ट्रकच्या मागे बाहेर आलेले गज. माझ्या कपाळावर डाव्या भुवईच्या वर एक खूण आहे, ती खिडकीच्या झडपेची. ध्वनिलहरींनी वरचे अडथळे ओळखून थरथरणारी उपकरणं काठीला जोडता येतात. मी अजून वापरलेली नाहीत. सध्या अनोळखी जागी दुसरा हात चेहऱ्यासमोर आडवा धरते.

आणि माणसं. रस्ता ओलांडायला मदत करताना काही जण काठीचं टोकच उचलून ओढायला लागतात. त्यांचा हेतू चांगला असतो हे मला पटतं, पण त्या क्षणी ते माझे डोळेच काढून घेत असतात. मी आता थांबते आणि सांगते, "मला तुमचा कोपर धरू द्या, तुम्ही अर्धं पाऊल पुढे चाला." बहुतेक लोक लगेच ऐकतात.

काठी पांढरी का असते हे मी फार उशिरा वाचलं. १९२१ साली ब्रिस्टलमधल्या जेम्स बिग्ज नावाच्या छायाचित्रकाराची दृष्टी अपघातात गेली. घराजवळच्या रहदारीत वाहनचालकांना आपण दिसावं म्हणून त्याने आपली काठी पांढरी रंगवली. म्हणजे काठीचा रंग माझ्यासाठी नाहीच, तो समोरच्यांसाठी आहे. मी काठीचं निम्मं काम घेत होते आणि निम्मं पिशवीत लपवत होते.

ते निम्मं काय करू शकतं हे मला शिक्षकांच्या खोलीत कळलं. काठी उघडी घेऊन मी शाळेत पहिल्यांदा गेले त्या दिवशी सगळे गप्प झाले. मधल्या सुट्टीत विज्ञानाचे सर माझ्यासमोर येऊन बसले. आमचं सहा वर्षांपासून बोलणं जवळजवळ बंद होतं आणि त्याचं कारण मला माहीत नव्हतं. ते म्हणाले, "मॅडम, मी मुख्याध्यापक झालो नाही त्या वर्षी तुम्ही सगळ्यांसमोर माझा हात हातात घेतला नव्हता. मी पुढे केला होता." मला तो हात दिसलाच नव्हता. तो कमरेच्या उंचीवर होता, आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. सहा वर्षं त्यांनी मला गर्विष्ठ समजलं आणि मी त्यांना तुसडे. त्यांनी त्या दिवशी पुन्हा हात पुढे केला आणि तोंडाने सांगितलं, "हात पुढे केलाय." किती नाती अशी नुसत्या न दिसण्याने गेली असतील, याचा हिशेब मी मांडत नाही. जी भेटतात त्यांना आता आपणहून सांगते.

डॉक्टरांकडे वर्षातून एकदा जाते. २०१७ साली अमेरिकेत या गटातल्या आजारांवरच्या पहिल्या जनुकोपचाराला मान्यता मिळाली, पण तो आरपीई६५ या एकाच जनुकातल्या दोषासाठी आहे. माझी तपासणी झाली, माझा दोष दुसऱ्या जनुकात आहे. तो निकाल ऐकला त्या आठवड्यात मी घराबाहेर पडले नाही. तपासणीच्या कागदाची प्रत मात्र जपून ठेवली आहे, कारण पुढे कधी माझ्या जनुकासाठी काही निघालं तर तीच लागेल. आशा म्हणून मी एवढंच बाळगते, आणि मनापासून बाळगते.

वर्गात मी नियम बदलला आहे. हात वर करायचा नाही, नाव घ्यायचं. सुरुवातीला गोंगाट झाला, आता आवाजावरून मला कळतं कोण कुठे बसलं आहे. काठीचा आवाज व्हरांड्यात आला की बाकांमधली दप्तरं उचलली जातात, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. यंदा काटकोन त्रिकोण शिकवताना काठी फळ्याला टेकवून ९५ आणि १२० चं उदाहरण घातलं. उत्तर आधी आलं ते खिडकीच्या रांगेतून.

दर्जा विचाराल तर : नवख्या माणसाला, प्रवासाला, गर्दीच्या बसमध्ये ही घडीची काठी चांगली. रोज तासन्‌तास चालणाऱ्याला सांधे नसलेली अखंड काठी घ्यावी, जमीन जास्त स्पष्ट कळते. मी तशी मागवली आहे, १३० सेंटीमीटरची. ती पिशवीत मावणार नाही. वर्गात फळ्याशेजारी तिच्यासाठी खिळा ठोकून घेतला आहे. जुनी दोरी बदलून घरी दारामागे राहील, रात्री बाहेर जायला तीच हाताशी बरी.