युद्धसरावातील थेट चित्रणासाठी मेश रेडिओ संच: एक परीक्षण

मोठ्या युद्धसरावात तुकड्या विखुरलेल्या असतात, त्यांच्यामध्ये डोंगरधारा आणि झाडी असते, आणि सराव चालवणाऱ्या नियंत्रण कक्षाला एकाच वेळी अनेक ठिकाणी काय घडते आहे हे पाहायचे असते. पूर्वी ही गरज पंचांच्या तोंडी अहवालांवर भागवली जात असे. आता पंचांच्या पाठीवर, वाहनांच्या टपावर आणि ड्रोनवर बसवता येणारे छोटे मेश रेडिओ उपलब्ध आहेत आणि ते कॅमेऱ्याचे चित्र एका नोडवरून (म्हणजे जाळ्यातील एका रेडिओवरून) दुसऱ्याकडे पुढे पाठवत कक्षापर्यंत पोहोचवतात. अशाच एका संचाचे हे परीक्षण आहे. उत्पादकाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण येथे ज्या गुणदोषांचा विचार केला आहे ते बहुतांशी एका कंपनीचे नसून या तंत्राचेच आहेत.

संच वाय-फायच्या ८०२.११ कुळातील असून २.४ गिगाहर्ट्झवर एकाच वाहिनीत काम करतो. त्याचे जाळे स्वतःहून जुळते: नोड सुरू केला की तो शेजारी शोधतो, मार्ग ठरवतो, आणि मधला एखादा नोड बंद पडला किंवा दूर गेला की दुसऱ्या वाटेने माहिती वळवतो. ही कल्पना नवी नाही. अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात पॅकेट रेडिओ जाळ्यांचे, म्हणजे माहिती छोट्या तुकड्यांत (पॅकेटांत) पाठवणाऱ्या जाळ्यांचे प्रयोग लष्करी गरज डोळ्यांसमोर ठेवूनच केले होते, आणि वाय-फायसाठीचे मेश मानक ८०२.११एस हे २०११ मध्ये आले. त्यामुळे ‘आपोआप जुळणारे जाळे’ ही या संचाची खासियत म्हणून सांगितली जाते तेव्हा फारसे भारावून जाण्याचे कारण नाही. हे काम संच चोख करतो, एवढेच म्हणणे पुरेसे आहे.

खरी परीक्षा तिसऱ्या टप्प्यावर होते; एका नोडपासून पुढच्या नोडपर्यंतचा प्रवास म्हणजे एक टप्पा. माहितीपत्रकात छापलेला वेग दोन नोडमधील थेट दुव्याचा असतो. एकाच वाहिनीवर चालणारा रेडिओ एका वेळी एक तर ऐकतो किंवा बोलतो, आणि तो बोलत असताना त्याच्या आवाक्यातील इतरांना गप्प बसावे लागते. म्हणून चित्र एका मधल्या नोडमधून गेले की उपलब्ध वेग साधारण निम्मा होतो, दोन मधल्या नोडमधून गेले की एक तृतीयांश उरतो. थेट दुव्यावर सेकंदाला २० मेगाबिट मिळत असतील तर तीन टप्प्यांनंतर सहा-सात मेगाबिट शिल्लक राहतात, आणि त्यांतूनच मार्ग शोधण्याचे संदेश, हरवलेल्या पॅकेटांचे पुनःप्रेषण आणि पंचांचे बोलणे यांचाही वाटा जातो. विक्रेत्याने मोकळ्या मैदानावर एका दुव्याचे प्रात्यक्षिक दाखवले तर त्यावरून संचाची निवड करू नये. चार नोड अशा रीतीने मांडून दाखवा की पहिल्याला चौथा दिसणारच नाही, अशी अट घालावी.

या हिशोबात चित्राचा आकार निर्णायक ठरतो. पळणारी माणसे, धूळ आणि हलता कॅमेरा असलेले ७२० रेषांचे चित्र एच.२६४ पद्धतीने दाबले तरी त्याला सहज दोन ते तीन मेगाबिट लागतात. २०१३ मध्ये मान्य झालेली एच.२६५ पद्धत तेवढ्याच दर्जासाठी जवळपास निम्म्यात भागवते, मात्र तिला अधिक गणनशक्ती आणि म्हणून अधिक वीज लागते. संचातील एन्कोडर, म्हणजे चित्र दाबणारा भाग, दोन्ही पद्धती देतो, ही जमेची बाजू. त्याची मूळ मांडणी मात्र कार्यालयातील कॅमेऱ्याला शोभणारी आहे. पूर्ण चित्र पाठवणारी की-फ्रेम बऱ्याच अंतराने येते, आणि मध्ये एक पॅकेट हरवले की पुढची की-फ्रेम येईपर्यंत पडद्यावर नुसते चौकोन दिसत राहतात. हे अंतर एका सेकंदावर आणल्यास चित्र लवकर सावरते, पण भार वाढतो. चित्राचे थोडे थोडे भाग सतत ताजे करत राहण्याची सोय सूचीत खोलवर दडलेली आहे, तीच निवडावी.

आणखी एक त्रुटी अनेक प्रेक्षक असताना उघड होते. एकच चित्र अनेकांना दाखवण्यासाठी मल्टिकास्ट वापरले की वाय-फाय ते पोचपावतीशिवाय आणि सहसा सर्वांत कमी मूलभूत वेगाने प्रसारित करते, आणि हवेतला बहुमोल वेळ त्यातच संपतो. उत्पादकाने यावर काहीही उपाय केलेला दिसत नाही. कक्षापर्यंत एकच प्रत आणून तेथून तारेच्या जाळ्यावर वाटणे हाच व्यवहार्य मार्ग आहे.

आवाक्याविषयी लिहिताना अँटेनाच्या उंचीकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. २.४ गिगाहर्ट्झवर एक किलोमीटरच्या दुव्याच्या मध्यावर पहिल्या फ्रेनेल क्षेत्राची (दोन अँटेनांमधल्या सरळ रेषेभोवतीच्या, लहरींना मोकळ्या लागणाऱ्या जागेची) त्रिज्या सुमारे ५.६ मीटर असते, आणि तिचा निदान ६० टक्के भाग मोकळा असावा असा संकेत आहे. छातीच्या उंचीवर अँटेना बांधलेला पंच सपाट जमिनीवर उभा असला तरी ही अट मोडतो, कारण अडथळा म्हणून जमीनच पुरेशी आहे. ओली पाने आणि पंचाचे स्वतःचे शरीर यांचा त्रास त्यात मिळवायचा. उपाय साधा आहे: धारेवर उंच काठीला बांधलेला एक स्थिर नोड, किंवा दोरीने बांधून जमिनीवरून वीज पुरवलेला ड्रोन, पाठीवरच्या अनेक नोडइतके काम करतो. संचासोबत मिळणारी काठी मात्र वाऱ्यात डोलते. ती बदलून घेणे उत्तम.

बॅटऱ्या काढणे-घालणे सोपे आहे आणि हातमोजे घालूनही जमते. सतत चित्र पाठवणारा नोड अर्थातच नुसत्या ऐकणाऱ्या नोडपेक्षा कितीतरी लवकर बॅटरी संपवतो, आणि दोघांच्या मधला, इतरांचे चित्र पुढे ढकलणारा नोड आपला स्वतःचा कॅमेरा बंद असतानाही तसाच थकतो. बदलीच्या बॅटऱ्या वाटताना हे लक्षात ठेवावे लागते.

संदेश एईएस-२५६ या कूटपद्धतीने कूटबद्ध होतात. आशय त्यामुळे सुरक्षित राहतो, प्रक्षेपण मात्र लपत नाही. सतत चित्र पाठवणारा रेडिओ दिशाशोधक यंत्राला सतत खूण देत असतो. सरावात प्रतिपक्षाची भूमिका करणाऱ्या तुकडीकडे असे यंत्र असेल तर ती पंचांच्या प्रक्षेपणावरून तुकड्यांचा ठावठिकाणा ओळखू शकते, आणि मग सरावाचा निकाल टेहळणीच्या कौशल्याऐवजी पंचांच्या कॅमेऱ्यांवर ठरतो. म्हणून हे जाळे केवळ नियंत्रण कक्षासाठी असल्यास त्याची वारंवारता दोन्ही पक्षांसाठी वर्ज्य ठरवावी, आणि मागणीनुसारच चित्र सुरू करण्याची सोय वापरावी. ती या संचात आहे, आणि चांगली आहे.

या मर्यादा मान्य करून, एका वेळी दोन-तीन चित्रांवर समाधान मानणाऱ्या नियंत्रण कक्षासाठी संच घेण्याजोगा आहे. प्रत्येक तुकडीचे चित्र एकाच भिंतीवर अखंड दिसावे अशी अपेक्षा असेल तर घेऊ नये. खरेदीपूर्वी एका गोष्टीचा आग्रह जरूर धरावा: प्रत्येक कॅमेऱ्याने पूर्ण दर्जाचे चित्रण स्वतःच्या कार्डावरही साठवले पाहिजे आणि त्यावर उपग्रहाकडून मिळालेली वेळ उमटली पाहिजे. सध्या कार्डावर यंत्राच्या अंतर्गत घड्याळाची वेळ येते, ती हळूहळू सरकते, आणि सरावानंतरच्या आढाव्यात दोन कॅमेऱ्यांपैकी कोणत्याने आधी काय पाहिले यावर विनाकारण वाद होतो.