रंकाळ्यावरचा रविवारचा परिसंस्था वर्ग: आठवी-नववीच्या पोरांना पाठवाच

माझी पोरगी नववीत आहे, विज्ञानात 'परिसंस्थेतील ऊर्जाप्रवाह' हा धडा आहे, उत्पादक भक्षक विघटक सगळ्या व्याख्या तोंडपाठ, खरं अन्नसाखळी काढायला दिली की बाण उलटे. नाकतोडा गवत खातो म्हणून बाण नाकतोड्याकडून गवताकडे. शाळेत लाल पेनानं काट मारून वही परत यायची, का चुकलं ते कुणी सांगायचं नाही. म्हणून रविवारी सकाळी कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या काठावर जो वर्ग भरतो तिथं घातलं. पालकांना थांबू देतात, त्यामुळं मी स्वतः बसून बघितलंय.

सर आल्या आल्या वही उघडायला लावत नाहीत. काठाच्या शेवाळाजवळचं पाणी बरणीत घेतात, त्यात डॅफ्निया नावाचे पाण्यातले जीव सापडतात, मोहरीपेक्षाही बारीक, टुणटुण उड्या मारत पोहणारे. एक थेंब मायक्रोस्कोपखाली धरला की त्याचं अंग आरपार दिसतं, हृदय धडधडताना दिसतं आणि आतडं चक्क हिरवं, कारण खाल्लेलं सूक्ष्म शैवाल अजून आतच आहे. उत्पादक आणि प्राथमिक भक्षक एकाच थेंबात! पोरीनं तिथंच बाण बरोबर काढला, शैवालाकडून डॅफ्नियाकडे, कारण ऊर्जा कुठून कुठं गेली ते समोरच दिसत होतं.

मग दहा टक्क्यांचा नियम, म्हणजे खाणाऱ्याला खालच्या पातळीतली साधारण दहाच टक्के ऊर्जा मिळते. एक लिटरची भरलेली बाटली म्हणजे शैवाल, त्यातलं १०० मिली डॅफ्नियाला, १० मिली छोट्या माशाला, आणि तारेवर बसलेल्या खंड्याला ड्रॉपरनं फक्त १ मिली. बाकीचं पाणी प्रत्येक वेळी मातीत ओतून टाकतात, म्हणजे श्वसनात, हालचालीत, उष्णता होऊन गेलेली ऊर्जा (थोडी न खाल्लेल्यात आणि विष्ठेत जाते, ती विघटकांच्या वाट्याला, हेही सांगतात). तलावात खंडे इतके थोडे का, हे पोरांनी आपणहून सांगितलं. रेमंड लिंडेमन यांनी १९४२ मध्ये तलावाच्याच अभ्यासावरून हे पोषण पातळ्यांचं गणित मांडलं, हा नियम सरासरी आहे, प्रत्येक ठिकाणी बरोबर दहाच टक्के निघत नाहीत, असं सर स्पष्ट सांगतात आणि मला ते फार आवडलं. क्लासवाले एवढ्या खोलात जात नाहीत.

ऊर्जा एकाच दिशेनं जाते, पण नायट्रोजन, फॉस्फरस, कार्बन फिरून फिरून परत येतात, हा फरक जलपर्णीवरून समजावला. सांडपाण्यातनं नायट्रोजन-फॉस्फरस आले की जलपर्णी आणि शैवाल बेसुमार वाढतं, खाली उजेड जात नाही, मग ते मरून कुजायला लागलं की जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवतात आणि मासे मरतात. यालाच सुपोषण म्हणतात, आणि हा शब्द कोल्हापुरातल्या पोरांना पुस्तकातनं शिकायची खरंतर गरजच नाही, रंकाळा आणि पंचगंगा दोन्ही इथंच आहेत.

तक्रारी पण आहेत. आठवी ते दहावी सगळी पोरं एकत्र, मायक्रोस्कोप एकच, त्यामुळं मागच्या पोरांचा नंबर यायला लई वेळ लागतो, आणि लाजरी पोरं तर न बघताच घरी जातात हे मला अजिबात पटलं नाही. अजैविक घटकांसाठी थर्मामीटर आणि पीएच पट्टी एवढंच. पाण्यातला ऑक्सिजन मोजायचं किट नाही, रात्री प्रकाशसंश्लेषण बंद आणि श्वसन चालू म्हणून पहाटे ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो हे नुसतं तोंडी सांगतात, आकडा समोर आला असता तर पोरं विसरली नसती. पावसात वर्ग रद्द झाल्याचा मेसेज निघायच्या वेळेला येतो, लांबनं येणाऱ्यांचे हाल होतात. वर्कशीट अर्धी इंग्रजीत, मराठी माध्यमाच्या पोरांना ती आधी समजावून द्यावी लागते, हे तरी लगेच सुधारा.

फी महिन्याला ४०० रुपये, तेवढ्यात हे मिळत असेल तर मी तरी जास्त म्हणणार नाही. दहावीवाल्यांनी दिवाळीच्या आत यावं, नंतर सराव परीक्षांमुळं जमत नाही. घरात भिंग असेल तर पोराबरोबर द्या आणि जुनी काचेची बरणी पण द्या, तिथल्या बरण्या पुरत नाहीत.