कोरियात इंग्रजी शिकवायला जाताय? पगारातली कपात कुठे जाते ते बघा

माझा पासपोर्ट कॅनडाचा, म्हणून ई-२ व्हिसावर देजॉनमधल्या एका हागवॉनमध्ये, म्हणजे खाजगी क्लासमध्ये, नोकरी लागली. (हा व्हिसा हागवॉनसाठी इंग्रजी बोलणाऱ्या सातच देशांच्या नागरिकांना मिळतो. भारतीय पासपोर्टवर अशी नोकरी लावून देतो म्हणणाऱ्या एजंटला एक रुपयाही देऊ नका.)

सुरुवात फार छान झाली. फ्लॅट तयार होता, थंडीत फरशी उबदार करून ठेवलेली. संचालक बाई स्वतः जेवायला घेऊन गेल्या. मुलं तर पहिल्याच दिवशी ‘टीचर, टीचर’ करत भोवती जमली. पगाराची स्लिपही चोख: नॅशनल पेन्शनचे ४.५ टक्के (२०२५ पर्यंतचा दर), आरोग्य विमा, सगळं कापलेलं. मालकाने पेन्शनमध्ये तेवढीच भर घालून पैसे भरायचे असतात आणि कॅनडाच्या माणसाला देश सोडताना दोन्ही हिस्से परत मिळतात.

मग एक दिवस घरी आरोग्य विम्याचं बिल आलं. सोबतच्या कोरियन शिक्षिकेने ते वाचलं आणि तिचा चेहराच पडला. नोकरीतून विमा भरला जात असेल तर असं बिल येतच नाही. पेन्शन ऑफिसातल्या बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझं नाव, आणि पुढे एकही भरणा नाही. टॅक्सच्या कागदांवर मी नोकरदार नाहीच, ३.३ टक्के कर कापली जाणारी फ्रीलान्सर! म्हणजे माझ्या पगारातून कापलेले पैसे सरळ हागवॉनच्या खिशात.

जाब विचारला तर आधी ‘अकाउंटंटची चूक’, मग ‘दुसरीकडे जायचं तर रिलीज लेटर (नोकरी बदलायला मालकाचं संमतीपत्र) देणार नाही’. अकराव्या महिन्यात नोटीस हातात. वर्ष भरलं की सुमारे महिन्याच्या पगाराएवढी रक्कम द्यावी लागते, ती टाळायला. मुलांना नीट निरोपही देऊ दिला नाही, त्याचा राग अजून जात नाही.

कामगार कार्यालयात तक्रार केली आहे. तिथे कागदावर फ्रीलान्सर लिहिलंय की नाही यापेक्षा काम कसं होतं ते बघतात. वेळापत्रक, हजेरीचे मेसेज, स्लिपा असं सगळं जोडलंय. तुम्हीही हे पहिल्या महिन्यापासून जपून ठेवा, आणि पहिली स्लिप हातात पडली की १३५५ वर पेन्शन ऑफिसला फोन करून भरणा झालाय का विचारा. पगार अडकला तर कामगार खात्याचा नंबर १३५०. थकलेल्या पगारावर ३ वर्षांपर्यंत दावा करता येतो.