ड्रायव्हर अपडेटर, आठ महिन्यांनंतर: माझा पीसी खरंच ‘उडाला’ होता का?

माझं डीटीपीचं दुकान. एक असेंबल केलेला सहा वर्षांचा पीसी, एक प्रिंटर, एक स्कॅनर. ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला प्रिंटर-स्कॅनरसारखे भाग चालवता यावेत म्हणून लागणारी छोटी सॉफ्टवेअरं, आपोआप अपडेट ठेवणारं एक सॉफ्टवेअर वर्षाचे पैसे भरून घेतलं. नाव लिहीत नाही.

सुरुवातीला खूश होतो. विंडोज बदलल्यापासून रुसून बसलेला स्कॅनर एका क्लिकमध्ये चालू झाला. चौथ्या महिन्यात त्याने साउंडचा भलताच ड्रायव्हर बसवला आणि आवाज गेला. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमधून ‘रोल बॅक’ केलं, म्हणजे जुना ड्रायव्हर परत घेतला, दोन मिनिटांत आवाज परत आला. चुकीच्या ड्रायव्हरने बहुतेक वेळा होतं ते एवढंच.

सहाव्या महिन्यात चिपसेटचा (मदरबोर्डवरचे भाग एकमेकांशी जोडणाऱ्या चिपचा) ड्रायव्हर बदलला आणि अधूनमधून विंडोज कोसळून निळी स्क्रीन यायला लागली. ऐन लग्नसराई, पत्रिकांचा ढीग, केलं दुर्लक्ष. अशातच एका संध्याकाळी यादीत साउंड आणि लॅनच्या खाली ‘बायोस’ दिसलं. हा ड्रायव्हर नव्हे, विंडोजच्याही आधी पीसी सुरू करणारा, मदरबोर्डवरच्या चिपमधला प्रोग्राम. त्यालाही तशीच टिक. मी ‘सगळे अपडेट करा’ दाबून चहाला गेलो. आलो तेव्हा पट्टी अर्ध्यावर होती, आणि माझ्यासमोरच निळी स्क्रीन. त्यानंतर बटण दाबलं की पंखे फिरायचे, पण स्क्रीन काळी. बीपसुद्धा नाही.

पहिल्या दुकानदाराने झाकण उघडायच्या आधीच सांगितलं, “मदरबोर्ड उडाला. आठ हजार.” दुसऱ्याने बोर्डवरची, बायोस असलेली आठ पायांची चिप दाखवली, करंगळीच्या नखाएवढी. तिला चिमटा लावला, वायरचं दुसरं टोक चिपवर लिहिणाऱ्या एका छोट्या यंत्राला (प्रोग्रामरला), ते यंत्र त्याच्या लॅपटॉपला. आतलं अर्धवट लिखाण पुसलं, बोर्ड बनवणाऱ्यांच्या साइटवरची मूळ फाइल लिहिली, परत वाचून ताडून पाहिली. पाऊण तास, बाराशे रुपये. “जळलं काहीच नव्हतं साहेब, पाटी पुसली गेली होती.”

सीआयएच व्हायरसने हेच मुद्दाम केलं होतं. २६ एप्रिल १९९९ ला विंडोज ९५ आणि ९८ च्या कितीतरी मशीनमध्ये त्याने हार्ड डिस्कवर कचरा लिहिला आणि जमेल तिथे बायोसवरही. लोकांना वाटलं, बोर्ड मेले.

मग सॉफ्टवेअरने खरोखर काही जळतच नाही? जळतं, पण त्यासाठी पंखा किंवा व्होल्टेज त्याच्या हातात असावं लागतं. २०१० मध्ये ग्राफिक्स कार्डाच्या चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने १९६.७५ हा ड्रायव्हर मागे घेतला, कारण काही ग्राफिक्स कार्डांचे पंखे नीट फिरेनात आणि कार्डं तापायला लागली. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरचं प्रकरण तर ताजं आहे. मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतलाच छोटा प्रोग्राम, गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्ट २०२४ मध्ये दुरुस्ती आली, वॉरंटी दोन वर्षं वाढली, पण जे प्रोसेसर आधीच खराब झाले ते अपडेटने बरे होत नाहीत. तिथे चिमटा लावून उपयोग नाही.

माझा पीसी मूळच्या चिपसेट ड्रायव्हरवर परत आणला, दोन महिन्यांत एकदाही निळी स्क्रीन नाही. सॉफ्टवेअर अजून ठेवलंय, पैसे भरलेत म्हणून. आपोआप अपडेट मात्र बंद. उरलेल्या चार महिन्यांचे पैसे मागितले तर ‘आपली तक्रार नोंदवली आहे’ एवढंच उत्तर आलं.

पाचपैकी दोन तारे. दोन्ही स्कॅनरसाठी.